खळ्याबाहेर काढलेलं यंत्र

इतकी वर्षं झाली, पण रिसोड तालुक्यातल्या त्या गव्हाच्या खळ्यावरची दुपार मनातून जात नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि मी नवा फौजदार होतो. घरी वडील समतेची पत्रकं मोठ्यानं वाचायचे, त्यावर मी वाढलेला. अन्याय दिसला की मला लगेच ओळखू येईल, असा माझा समज होता.

पोलीस पाटलाची चिठ्ठी आली. मळणीयंत्रात मजुराची दोन बोटं तुटली, यंत्र चालवणारा फरार. शेतमालकाची फिर्याद होती की चालवणारा दारू प्यायला होता आणि मजुराचा हात आत असताना त्यानं वेग वाढवला. मी जाऊन पंचनामा केला. दुसऱ्या दिवशी खबऱ्यानं सांगितलं, माणूस रिसोडच्या एसटी स्टँडवर बसलाय. तिथंच त्याला धरला. मानोऱ्याकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, तिशीतला.

"पेला होता का?"

"नाही सायेब. म्या तं इंजिनाचा पट्टा पाडून यंत्र बंद केलं. नाही तं त्याचा पुरा हात गेला असता."

"मग पळाला काहून?"

"थांबलो असतो तं तुमच्यापर्यंत जित्ता आलो नसतो."

"तांड्यावरचे सारे असंच बोलतेत, साहेब," हवालदार म्हणाला.

दारूची तपासणी करायला उशीर झाला होता. जामीन द्यायला कोणी आलं नाही. त्याला कोठडीत ठेवून मी निष्काळजीपणाचं आरोपपत्र लिहायला घेतलं. शिक्षा झाली असती तर त्याला पुन्हा कोणी यंत्राजवळ फिरकू दिलं नसतं. तो मात्र येता-जाता एवढंच विचारायचा, "त्याचा हात कसा हाय आता?"

अशात नागपूरहून एक संशोधक बाई ठाण्यात आल्या. नव्या यंत्रांपुढं माणसं कशी वागतात, अपघात का होतात, हा त्यांचा अभ्यास. हवालदार हसला. "बाई, यंत्राले विचारा. आमी माणसं पाहतो."

"मीही माणसंच पाहते," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "मजूर ज्या फळीवर उभा होता, तिच्यावर तुम्ही चढलात का?"

मी चढलो नव्हतो. खळ्यात धान्य असतं, तिथं पायताण घालून कोणी जात नाही. माझ्या पायांत बूट. ते सोडायचा कंटाळा केला आणि कडेला उभं राहून पंचांना मापं घ्यायला लावली होती.

त्याच दुपारी आम्ही खळ्यावर गेलो. बूट काढले, अनवाणी फळीवर चढलो. भुशानं फळी काचेसारखी गुळगुळीत झालेली. पेंढी ढकलायला वाकलो आणि पाय सरकला. तोल सावरायला टाकलेला हात थेट यंत्राच्या तोंडात. यंत्र बंद होतं, तरी मी हात झटकन मागं घेतला. बाईंनी मोजलं. फळीपासून पात्यांपर्यंत हातभरही अंतर नव्हतं.

मालकाला विचारलं, "त्याला पिताना पाहिलं तुम्ही?"

"पाहिलं असं नाही. तांड्यावरचा हाय, मले वाटलं पेला असन."

मग दवाखाना. जखमी मजूर खाटेवर बसला होता.

"पाय सरकला, साहेब. त्यानं पट्टा पाडला म्हणून एवढा तरी हात हाय."

"आधी सांगितलं काहून नाही?"

"मले कोणी इचारलंच नाही. तुमी त्याच्यामागं पळून राह्यले होते."

ठाण्यात येऊन आरोपपत्राचा कच्चा कागद फाडला आणि सुटकेचा अहवाल कोर्टाकडं पाठवला. कोठडीचं कुलूप काढताना छातीवरचं ओझं उतरलं. बाई तिथंच होत्या. पाय सरकू नये म्हणून खळ्यात चपला घाला म्हटलं तर लोक ऐकतील का, एवढी एकच अडचण त्यांच्या वहीत उरली होती.

बाहेर येता येता तो म्हणाला, "चपलीचं काय सांगता बाई? यंत्रच खळ्याच्या भाईर काढा ना. तिथं पायताण चालते."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

पुढच्या हंगामात त्या बाजूला गेलो. यंत्र खळ्याबाहेर होतं, फळीवर गोणपाट ठोकलेलं, चालवणारा तोच. तीन बोटांच्या हातानं पेंढ्या आणून देणारा मजूर मला पाहून ओरडला, "साहेब, या ना. इथं बूट काढा लागत नाही."

मी बूट काढूनच गेलो. त्यानंतर कडेला उभं राहून एकही पंचनामा केला नाही, आणि ज्याला लागलं त्याला सगळ्यात आधी विचारत आलो.