बाहेरकाठ्याचा फॉर्म

परवा फोनवर तुम्ही दोघांनी तुमच्या शाळेचं प्रोजेक्ट दाखवलंत आणि विचारलंत, आजी, तुझ्या वर्गात असं असायचं का? मी हो म्हणून विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आता लिहून पाठवते. लिहून काढलं की गोष्टी जागच्या जागी लागतात असा माझा अनुभव आहे. ही मात्र अजून लागलेली नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आमच्या खाडीकाठच्या शाळेने मला परत बोलावलं. नववीला इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, आता धडा वाचून दाखवायचा नाही, मुलांनी गावात जाऊन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं स्वतः शोधायची. मला ते पटलं. मी विषय घेतला बाहेरकाठा. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा लांबलचक बांध. मुलं रोज त्याच्यावरून सायकली हाणत शाळेत येत. पण तो घातला कुणी, फुटला तर बुजवतं कोण, हे पुस्तकात नव्हतं.

मुलांना मोकळं सोडणं मला जमत नाही. मी एक फॉर्म केला. नऊ प्रश्न, माहिती देणाऱ्याचं नाव, वय, शेत कुठलं आणि तळाशी सही किंवा अंगठा. आमच्या लहानपणी इंग्रजी शाळेत शिकवलं होतं की ऐकलेल्या गोष्टीला सांगणाऱ्याचा आधार हवा. म्हणून कार्यालयातलं शाईचं पॅडसुद्धा मी मुलांबरोबर दिलं. त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

पहिल्या दिवशी निम्मे फॉर्म कोरे आले. छापील कागद आणि त्यावर शेताचा प्रश्न म्हटल्यावर लोकांना वाटलं, जमिनीची मोजणी आली. एका मुलाला तर त्याच्या सख्ख्या काकानेच विचारलं, "कुठल्या कंपनीचा रे तू?" वर्ग पोट धरून हसला. मीही हसले. तिथेच थांबायला हवं होतं.

एका मुलीचा फॉर्म मात्र पाठपोट भरून आला. तिने आपल्या आजीलाच विचारलं होतं. गावाची जुनी रीत अशी, की बाहेरकाठ्याचा एकेक तुकडा एकेका घराच्या वाट्याला. काठा फुटला, म्हणजे खांड पडली, की ज्या त्या घराने आपल्या तुकड्यावर माती टाकायला माणसं पाठवायची. त्या आजीच्या तरुणपणी मोठी खांड पडली तेव्हा तिच्या घरचे पुरुष मुंबईला कामावर होते. कुणी आलं नाही. शेजारच्या घराने आपला तुकडा बांधून यांचाही बांधला, आठवडाभर ओहोटी साधून चिखलात उभं राहून. मग तिच्या नवऱ्याने शेजाऱ्यांना सांगितलं, काठा तुम्ही राखलात, आता शेत तुमचं. कागद काही केला नाही. तेव्हापासून तिथे भात शेजारी लावतात आणि सातबाऱ्यावर नाव मात्र मुलीच्या घरचं आहे. खाली आजीचा अंगठा, अगदी स्वच्छ उठलेला.

मी त्यावर 'उत्कृष्ट' असा शेरा दिला आणि पान व्हरांड्यातल्या फळ्यावर लावलं. जमिनी विकत घेणारे गावात फिरत आहेत हे मला माहीत होतं. तरी या पानाशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्या दिवशी ते शेत लावणाऱ्या शेजारच्या घरातला कर्ता माणूस आला. ट्रक चालवतो. चपला दाराबाहेर काढून तो आदबीने म्हणाला की मुलीचा बाप ते शेत विकायला निघालाय, तेव्हा हा कागद मला द्या. मी त्याला दोन दिवस थांबायला सांगून पान फाईलमध्ये घातलं. दुपारी मुलीचा बाप आला. कागद त्याच्यासमोर फाडायचा, तोवर मुलगी शाळेत येणार नाही, एवढंच त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती.

पंधरा दिवस मी वर्गाला सांगत होते की सापडलेलं खरं लपवायचं नाही. फाडलं तर मी खोटी ठरणार आणि शेजाऱ्याचं शेत जाणार. दिलं तर मुलीची शाळा सुटणार. वहीत दोन रकाने पाडून मी दोन्ही बाजू लिहिल्या. दोन्ही रकाने सारखेच भरले. नात्यातल्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, त्या कागदाला कोर्टात काही किंमत नाही, पण कुणाला देऊ नकोस. किंमत नाही तर का देऊ नये, हे त्यालाही सांगता आलं नाही.

शनिवारी फाईल घेऊन मी मुलीच्या घरी गेले. बाप बाहेर गेला होता. आजी ओटीवर सुकट निवडत होती, नात शेजारी बसली होती. मी आजीला पान वाचून दाखवलं. खरं तर अंगठा घेण्याआधी कुणीतरी ते वाचून दाखवायला हवं होतं.

"आठवडा न्हाय, अकरा दिस," ती म्हणाली. मी दुरुस्ती केली. मग म्हणाली, "बाकी खरं हाय. पन म्या नातीला गोष्ट सांगत व्हते. अंगठा कशाला पायजे व्हता तुमाला?"

याचं काय करू, असं मी उलट तिलाच विचारलं.

"मला दोनी घरचं पानी प्यायचं हाय, बाई," एवढं बोलून तिने पान नातीकडे सरकवलं.

मुलगी ते घेऊन आत गेली. परत आली तेव्हा पानावरून आजीचं नाव आणि तळचा अंगठा कात्रीने सरळ कापलेला होता. दोन्ही कपटे तिने आजीच्या हातात दिले. आजीने ते कमरेच्या चंचीत ठेवले. उरलेलं पान माझ्यापुढे धरून मुलगी म्हणाली, "आता लावा फळ्यावर."

हे तिला स्वतःला सुचलं, की बापाने आधीच पढवलं होतं? तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. अजूनही कळत नाही.

सोमवारी ती वर्गात आली. त्याच दिवशी शेजारीही आला. फळ्यासमोर उभा राहून त्याने ते पान ओळीवर बोट ठेवून वाचलं. त्याचा बाप त्या चिखलात उभा होता, ते लिहिलं आहे का, एवढं त्याने दोनदा बघितलं. मग अंगठा कुठे गेला, असं विचारलं.

मी म्हणाले, "जिचा होता तिच्याकडे."

त्याने मान हलवली, चपला घातल्या आणि फाटकातून सरळ मुलीच्या घराच्या वाटेला लागला. तो भांडायला गेला की हात जोडायला, हे खिडकीतून दिसण्यासारखं नव्हतं. वर्गात ती मुलगीही मान वळवून त्याच्याकडेच बघत होती. महिन्याअखेर त्या बाई रजेवरून परत आल्या आणि माझं काम संपलं. त्या पावसाळ्यात शेजाऱ्यांनीच भात लावला, एवढं मी येता-जाता पाहिलं. विक्रीचं पुढे काय झालं, ते कुणालाही विचारलं तर कळेल. मी विचारलेलं नाही.