चौतीस डोकी

लगबगे हे त्याचं खरं आडनाव नव्हतं. शहरदर्शनाच्या बसवर गाइड म्हणून तो रुजू झाला, त्या पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरने त्याला हे नाव चिकटवलं. ते असं पक्कं बसलं की एकदा नव्या साहेबाने त्याच्या रजेच्या अर्जावर खरं आडनाव खोडून लगबगे लिहिलं होतं. काहींच्या पायाला भिंगरी असते. याच्या जिभेला, हाताला, मानेलासुद्धा होती. जेवताना अर्धं लक्ष ताटात, अर्धं घड्याळात. झोपेत कूस बदलतानाही तो 'चला, चला' म्हणतो असं त्याची बायको सांगायची, आणि ती काही तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातली नव्हती.

काम तेच, अठ्ठावीस वर्षांचं. चार तासांत सात ठिकाणं. जुनी वखार दहा मिनिटं, समुद्रात घुसलेला किल्ला पंचवीस, दगडी गोदी पंधरा, घड्याळाचा मनोरा बसमधूनच, 'डावीकडे बघा'. मग संग्रहालय चाळीस, दीपगृह वीस आणि शेवटी तोफांचा कट्टा, तो फोटोपुरता. प्रत्येक ठिकाणाहून निघताना तो बसच्या दाराशी उभा राहून डोकी मोजायचा, बोट न दाखवता, नुसत्या नजरेने. अठ्ठावीस वर्षांत एक माणूस मागे राहिला नव्हता. कुणी मुलगा डॉक्टर झाल्याचं सांगावं तसा तो हे सांगायचा. बाकी इतिहासाचं विचारू नका. किल्ल्याला वेढा किती महिने पडला होता हे त्या दिवशीच्या त्याच्या लहरीवर असायचं. मोजणीत मात्र चूक नाही.

आणि अशा या माणसाच्या बायकोने किल्ला आतून पाहिला नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! लग्न झाल्यावर तो 'पुढच्या रविवारी' म्हणाला होता, पण रविवारीच बसला गर्दी. मग मुलगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण, मग मुलीचं लग्न. रविवार काही आला नाही.

आता महिनाअखेरीला तो निवृत्त व्हायचा होता. परगावी असलेल्या मुलीने आईला बोलावलं होतं. नुसतं यायला नाही, राहायलाच. बायकोच्या डोळ्यांपुढे दोन खोल्यांचं घर आणि त्यात सकाळपासून दारापर्यंत जाऊन परत येणारा हा माणूस दिसायला लागला होता. एका संध्याकाळी त्याच्या युनिफॉर्मला इस्त्री करता करता ती म्हणाली, "मी तिच्याकडे जाईन म्हणते."

"किती दिवस?"

"ते अजून ठरायचंय."

"म्हणजे काय? आणि मी?"

"तुम्ही कुठे घरात असता? आणि आता असणार म्हणून तर मला धडकी भरलीय." तिने इस्त्री उभी केली. "असं करा, जायच्या आधी एकदा मला तुमच्या बसमधून न्या. चार तास तुमच्याबरोबर काढून बघते. जमलं तर इथे राहते. नाही जमलं तर मुलीकडे."

तो हसला. ती हसली नाही.

साहेबाने परवानगी दिली. तिकीट नको, यादीत नावही नको, पुढे दाराजवळ गाइडसाठी घडीची खुर्ची असते तिच्यावर बसू दे म्हणाला. ती खुर्ची नाहीतरी नव्यासारखीच होती, लगबगे तिच्यावर कधी बसलाच नव्हता. बायको ठेवणीतले कपडे घालून आली. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, डबा आणि तिचा फोन.

वखारीत ती एका जाड भिंतीला हात लावून उभी राहिली. "अहो, इथे किती गार आहे. हे कशाने हो?"

"सांगतो, पुढे सांगतो. चला!"

किल्ल्यात बस अकराला पोचली. 'पंचवीस मिनिटं!' असं त्याने सगळ्यांना बजावलं, त्यात तीही आली असं त्याने धरलं. मग नेहमीची पळापळ. एका आजोबांची टोपी वाऱ्याने उडाली, दोन बहिणींचं फोटोवरून वाजलं, एक गृहस्थ दारूगोळ्याच्या कोठारात जाऊन फोनवर बोलत बसले होते. या सगळ्यांना हाकत त्याने बसपाशी आणलं, दारात उभं राहून नजर फिरवली. चौतीस. यादीत चौतीस, बसमध्ये चौतीस.

"चला!"

गोदी झाली, मनोरा डावीकडे गेला, संग्रहालय आलं. जहाजांच्या नमुन्यांपाशी बोलून बोलून त्याच्या घशाला कोरड पडली, म्हणून तो पाणी प्यायला बसकडे आला. घडीच्या खुर्चीवर पिशवी होती. बायको नव्हती.

तो धावत आत गेला आणि त्याने माणसं मोजली. चौतीसच भरली. पुन्हा मोजली. मग आपण काय मोजतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो उलट बसकडे धावला. किल्ला सोडून तास होत आला होता.

"भाऊ, मला वाटलं तुमचं काहीतरी वाजलं असेल," ड्रायव्हर ओशाळून म्हणाला. "म्हणून वहिनी मुद्दाम मागे राहिल्या. नवराबायकोत आपण कशाला पडा, म्हणून मी आपला गप्प बसलो."

लगबगेने माइक त्याच्या हातात कोंबला. "दीपगृह तू दाखव."

"मी? मी काय सांगू?"

"उंच आहे म्हणून सांग!"

टॅक्सीत तो सीटच्या कडेवर बसून पुढे वाकला होता, जणू त्याच्या वाकण्याने गाडी जोरात जाणार होती. ती रडत असेल. नाही, ती रडायची नाही. घरी गेली असेल. की थेट स्टेशनवरच? सिग्नलला गाडी थांबली तसा त्याने दाराच्या कडीला हात घातला. टॅक्सीवाला म्हणाला, "साहेब, पळत जायचं असेल तर जा, पण सिग्नल तुम्हालाही आहे."

किल्ल्याच्या दारात ओळखीचा तिकीटवाला होता. "एक बाई पाहिलीस का? पन्नाशीची. एकटी."

"बायका तर शंभर गेल्या इथून. कपडे कोणत्या रंगाचे?"

लगबगेने तोंड उघडलं. सकाळी ती त्याच्यासमोर तयार झाली होती, आरशातून त्याला 'बरं दिसतंय ना?' असं विचारलंही होतं, आणि तो 'मस्त, चल' म्हणाला होता. रंग काही केल्या आठवेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो कोठारात पाहून आला, विहिरीपाशी पाहून आला, शेवटी धापा टाकत तटावर चढला. ती समुद्राच्या बाजूला, सावलीत, चपला काढून आणि पाय लांब करून बसली होती. कपडे हिरवे होते.

"अगं... मला... माझं चुकलं."

"बसा आधी. दम लागलाय तुम्हाला."

"मी मोजली होती गं सगळी. चौतीस बरोबर भरली होती."

"हो ना," ती म्हणाली. "मी वरून बघत होते. तुम्ही दारात उभे राहून मोजलंत. मी हाकही मारणार होते. मग म्हटलं बघू या, मी आठवते का. बस वळली, पार दिसेनाशी झाली."

तो तिच्या शेजारी टेकला. खाली पाणी दगडांवर आपटत होतं.

"खूप रडलीस?"

"थोडी. मग उठून सगळा किल्ला पाहिला. दोनदा. चला म्हणणारं कुणी नव्हतं."

फोन वाजला. ड्रायव्हर होता. दीपगृहापाशी माणसं वैतागली होती, दोघेजण पैसे परत मागत होते, आणि एका बाईने दीपगृह कुणी बांधलं असं विचारल्यावर आपण 'गवंड्यांनी' म्हणून सांगितलं, तर ती चिडली, असं तो रडकुंडीला येऊन सांगत होता. हे सगळं तिलाही ऐकू गेलं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "माणसं उन्हात उभी आहेत."

तिचं वाक्य संपायच्या आत लगबगे उभा होता. पाय आपोआप जिन्याकडे वळले होते. मग त्याने मागे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिला जे कळायचं ते कळलं होतं.

तो तसाच उभा राहिला. फोन हातात बडबडत होता.

"मला बसता येत नाही गं," तो म्हणाला. "खरंच येत नाही. एक तारखेपासून बस नाही, यादी नाही. सकाळी उठून मी मोजू कुणाला? या एका गोष्टीने माझी झोप उडालीय."

तिने चपला पायात सरकवल्या, पण ती उठली नाही.

"इतकी वर्षं घरात एकच माणूस होतं तुम्हाला मोजायला," ती म्हणाली. "तेवढंही जमलं नाही."

त्याने फोन कानाला लावला, 'तुला जमेल तसं कर, मी येत नाही,' म्हणाला आणि बंद केला. मग परत येऊन बसला. गुडघा हलत होता, तो त्याने हाताने दाबून धरला.

मग ती म्हणाली, "मी मुलीकडे जाणार आहे. ते ठरलं."

"बरं."

"न्यायला आलात तर परत येईन. मुलीने सांगितलं म्हणून नाही, महिना भरला म्हणून नाही. मी घरात नाही हे तुमचं तुम्हाला कळलं, तर या."

त्याने मान हलवली. आणि गुडघ्यावरचा हात तसाच ठेवून त्याने विचारलं, "आणि ते मला लगेच कळलं तर?"