प्यासा कागद

उस्ताद कागद आधी जिभेला लावत. कोपरा किती चिकटतो ते बघून सांगत, "हा शाई पितो," किंवा "हा बराबर आहे." जालन्यातल्या माझ्या छापखान्यात ते मशीनमन होते. गिऱ्हाइकासमोर त्यांनी जीभ काढली की मला लाज वाटायची. पण त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही, हे कबूल करतो.

फोटोचा जस्ती ठसा, म्हणजे ब्लॉक, छापणं मी त्यांच्याकडूनच शिकलो. "ब्लॉकात फोटो नसतो शेठ, नुसते ठिपके. मधली पांढरी जागा सांभाळली तर माणूस दिसतो."

बहात्तरच्या दुष्काळानंतर जाफराबादचे एक मास्तर वडिलांचा फोटो घेऊन आले. छप्पन साली धम्म घेतलेला तो माणूस. आयुष्यात काढलेला हा एकच फोटो. वडील नुकतेच वारले होते, पुण्यानुमोदनाला पुस्तिका हवी होती. गुळगुळीत कागद ठरला, त्याच हिशोबानं औरंगाबादहून बारीक जाळीचा ब्लॉक आणला. मग मला घासाघीस करून खरबरीत कागदाचा एक स्वस्त लॉट मिळाला, तोच मी पुस्तिकेला काढला. उस्तादांनी कोपरा चाटला.

"लई प्यासा कागद आहे. ठिपके पसरून एकमेकांत मिसळतील."

"जीभ आवरा आणि मशीन चालवा."

पहिल्याच प्रतीत गाल काळे आले. मी म्हणालो, शाई पातळ करा. "मंग अजून पसरल, शेठ." मी शाई ओढून घेतली आणि स्वतः रॉकेल ओतलं. सगळ्या प्रती तशाच काढायला लावल्या. कोटाची कॉलर तेवढी ओळखू येत होती. वर नुसता डाग.

मास्तरांनी पान उजेडात धरलं. "हे आमचे बाबा न्हाईत."

मूळ फोटोच अंधुक आहे, असं मी सांगू लागलो. उस्ताद हात पुसत म्हणाले, "फोटो चांगला आहे, गुरुजी. कागद शेठनी बदलला. छापला मी, माझी बी चूक."

गिऱ्हाइकासमोर! नऊ वर्षं माझ्याकडे काम केलेल्या माणसानं. मी ओरडलो, "हे मला कानात सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं व्हतं ना, शेठ."

ब्लॉक उचलून ते मास्तरांबरोबर समोरच्या छापखान्यात गेले. पुस्तिका त्यांनी तिथं छापून दिली आणि तिथंच कामाला राहिले. रस्त्यात सलाम करायचे. मी घेत नसे. पुढं ते वारले, तेव्हाही मी गेलो नाही. राग अजून आहे.

ती पुस्तिका मात्र मी मिळवली होती. चूक काढायची म्हणून भिंग लावून बसलो. म्हाताऱ्याच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येत होत्या. एकही ठिपका दुसऱ्याला चिकटलेला नव्हता.