जाताना चौदा, येताना अकरा

भुताखेतांच्या गोष्टींच्या या पानावर लोक काय काय लिहितात... पांढऱ्या लुगड्यातली बाई, चिंचेवरून आलेली हाक, मागं वळून बघितलं तर कुणीच नाही. वाचून माझं टाळकं फिरतं. मी मोजणी खात्यात उभा जन्म काढला. मसणवटे मोजले, ओसाड गावठाणं मोजली, दर्ग्यांमागची कबरस्तानं मोजली. मला कधी काही दिसलं नाही. जे साखळीनं मोजता येत नाही ते नसतंच, असं मी चारचौघांत तोंड वर करून सांगायचो. आता जे सांगतोय ते मी स्वतः साखळीनं मोजलंय, म्हणूनच लिहायची वेळ आली.

जागा परंडा तालुक्यातली, सीना नदीच्या काठची. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. तेव्हा मोगलाई होती आणि लढाई चालू होती. नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाचं. पेट्रोलअभावी मोटारी उभ्या होत्या, म्हणून पावसाळ्यात माल नावेनं पलीकडं जायचा आणि तिथून बैलगाड्यांनी कुर्डुवाडीच्या रेल्वेला. ते बघून वरच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की इथं बंदर करायचं. उन्हाळ्यात जिच्यात म्हशीची पाठ बुडत नाही, त्या नदीला बंदर. पण हुकूम निघाला, आणि नकाशा करायला मला पाठवलं.

मी बावीस वर्षांचा. नोकरी कच्ची. हा नकाशा मंजूर झाला की पक्की करू, असं आमच्या मोहतमीम साहेबांनी सांगितलं होतं. मोहतमीम म्हणजे आमच्या कचेरीचे वरिष्ठ. त्यांनी प्लॅन आधीच ठरवला होता. उंचावरच्या सपाट जागेत जकातीचा नाका, गोदामं, गाडीतळ, व्यापाऱ्यांना पेठेचे प्लॉट. अडचण एकच होती. त्या सपाट जागेत नावाड्यांची नऊ घरं होती, कुणाला आठवत नाही तेव्हापासून. ती उठवून खाली उतारावर द्यायची. नावाडी पाण्याजवळ बरे, असं साहेबांचं म्हणणं.

वर, त्या घरांच्या मागं, गावाच्या हद्दीचा दगड होता. खाली नदीकडं आणखी एक दगड होता, त्याला पुराचा दगड म्हणायचे. जुन्या कुठल्या तरी महापुराचं पाणी तिथवर आलं होतं म्हणून पूर्वजांनी तो रोवलेला. भादव्यात नावाड्यांच्या बायका तिथं जाऊन नदीची ओटी भरायच्या. या दोन दगडांमधली जमीन मला मोजायची होती, आणि तिचा पुराच्या दगडाला लागून असलेला शेवटचा पट्टा त्या नऊ घरांना द्यायचा होता.

आमची साखळी तेहतीस फुटांची. पुढचं टोक साखळीवाला हुसेनभाई धरायचा. वयानं माझ्या बापाएवढा, एक अक्षर येत नव्हतं, पण पावलाचा पक्का. दुसऱ्या माणसाची जागा रिकामी, म्हणून मागचं टोक मीच धरायचो. दर साखळीला पुढच्यानं जमिनीत एक सळई रोवायची, मागच्यानं ती उपटून घ्यायची, आणि शेवटी हातातल्या सळया मोजायच्या. नेम असा, की तीच रेघ जाताना एकदा मोजायची आणि येताना एकदा. मोजणीवहीत त्याचे दोन रकाने असायचे.

वैशाखातली सकाळ, दहाचा सुमार. हद्दीच्या दगडापासून पुराच्या दगडापर्यंत मोजलं. चौदा सळया. वहीत लिहिलं. मग तिथून उलट वर मोजत आलो. हद्दीच्या दगडाला साखळी टेकली, आणि माझ्या हातात सळया अकरा.

"हुसेनभाई, तीन सळया कुठं टाकल्या?"

"टाकन कशाला, मुन्शीजी? या बगा माझ्या हातात हायेत. रोवायची येळच आली न्हाय."

मी त्याला दोन शब्द सुनावले. परत खाली गेलो. चौदा. परत वर आलो. अकरा.  साखळी मापाच्या गजाशी ताडून बघितली, बरोबर होती. मग माझ्या डोक्यात आलं की सळयांची भोकं तर जमिनीत आहेत, ती बघू. तिसऱ्या खेपेला उतरताना एक ओळ धरली आणि चढताना तिला लागूनच दुसरी, हातभर अंतरानं. दोन्ही ओळी त्याच दगडापासून त्याच दगडापर्यंत. उतरतीच्या ओळीत भोकं चौदा, चढतीच्या ओळीत अकरा. भोकाभोकातलं अंतर पुन्हा साखळीनं मोजलं. दोन्हीकडं तेहतीस फूट, तसूभर कमी नाही की जास्त नाही. लख्ख ऊन पडलेलं, रान मोकळं, आणि मी त्या दोन ओळींमधे येड्यासारखा उभा.

हुसेनभाई खाली बसला. खालच्या पुराच्या दगडाकडं त्यानं बोट केलं.

"मुन्शीजी, खालून मोजलं की दगड तीन साखळ्या वर येतोय," तो म्हणाला. "जसं निघालं तसं लिवा. आपल्या मनाचं काय लिवू नका."

मी लिहिलं असतं. खरंच लिहिलं असतं... असं इतकी वर्षं म्हणत आलोय. रकाना मोकळा ठेवून परंड्याला गेलो आणि साहेबांना सांगितलं. ते हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "चौदह लिखो और दस्तखत करो. नौकरी करनी है ना?" अकरा लिहिलं असतं तर मोजणी चुकली असं धरून काम थांबलं असतं, दुसरा माणूस आला असता, पावसाळा निघून गेला असता. त्या नऊ घरांना एक वर्ष मिळालं असतं. मला हे सगळं तेव्हाच कळत होतं. मी येतानाच्या रकान्यात चौदा लिहिलं आणि खाली सही केली.

नावाड्यांचा म्होरक्या धोंडीतात्या. साठीचा, खांद्याला वल्ह्याचा घट्टा पडलेला. घरं हलवायचा हुकूम आला तेव्हा तो भांडला नाही की रडला नाही. माझ्याकडं आला.

"मुन्शीजी, आमच्या वाडवडलांनी दगडापासनं येवढ्या लांब घरं का बांधली, ते आमाला कुनी सांगितलं न्हाय. तुमी सरकारी साखळीनं मोजलंय. दगडाच्या वर हाय म्हंता, ते खरं. पर तुमी सांगा. बांधू का तितं?"

हुसेनभाई मागं साखळी गुंडाळत होता. त्याचे हात थांबले, ते मला मागं न बघताही कळलं. मी म्हणालो, "बांधा, तात्या. मोजणी पक्की आहे."

त्यानं माझ्या पायाला हात लावला. एवढ्या वयाच्या माणसानं. मी पाय मागं घेतला नाही.

घरं बांधली. वर गोदामं झाली, नाक्यावर झेंडा लागला, साहेबांनी भाषण केलं. भादव्यात वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस धरून बसला. चौथ्या दिवशी पलीकडच्या गावचा बाजार होता. पाणी दगडाच्या वर चढेल असा कुणाला संशय नव्हता, म्हणून सगळे गडी मालाच्या नावा घेऊन पलीकडं गेले होते. दुपारी नदी एकदम आली, वर पळायला वेळच दिला नाही. पुराच्या दगडाशी थांबली नाही. पलीकडच्या काठावर धोंडीतात्या, त्याचे दोन लेक, सगळे नावाडी उभे, सगळ्या नावा त्यांच्याचजवळ, आणि समोर त्यांची घरं पाण्यात जाताना दिसत होती. धोंडीतात्याच्या थोरल्यानं नाव ढकलली. ती धारेत चार हातसुद्धा टिकली नाही. त्याचा जीव वाचला, एवढंच. अलीकडं धोंडीतात्याची बायको गेली, दोन सुना गेल्या, त्यांची पोरं गेली. बाकीच्या घरांतलीही गेली. मी नावं लिहीत नाही, माझा हात चालत नाही.

पंचनाम्याला मलाच पाठवलं. गाळाची रेघ जमिनीवर स्वच्छ दिसत होती. पुराच्या दगडापासून मोजली. तीन साखळ्या, वर एक बोटसुद्धा नाही. गोदामं कोरडी, धान्याचं एक पोतं भिजलं नव्हतं. मग मी आणि हुसेनभाईनं दोन्ही दगडांमधलं पुन्हा मोजलं. जाताना चौदा. येताना चौदा. त्यानंतर कितीदा तरी मोजलं, चौदाच निघालं. हुसेनभाईनं साखळी माझ्या पायाशी ठेवली आणि तो घरी गेला, परत कामावर आला नाही. अहवालात साहेबांनी 'अतिवृष्टी' लिहिलं. मोजणीवहीतले दोन्ही रकाने जुळत होते, म्हणून मला कुणी काही विचारलं नाही. दिवाळीच्या आत माझी नोकरी पक्की झाली.

पुढं मोगलाई गेली. सरहद्द गेली, तसा नाकाही गेला आणि बंदरही. गोदामांत आता कडबा ठेवतात.

शिकलेल्या लोकांना मी हे विचारून बघितलंय. एक इंजिनियर म्हणाले, उन्हानं लोखंड वाढतं. वाढतं ना, केसाएवढं वाढतं, शंभर फूट वाढत नाही. दुसरे म्हणाले, चढावर मोजताना चूक होते. होते, पण तीनदा तीच? आणि ती भोकं? मला उत्तर मिळालेलं नाही, आता मिळायची आशाही नाही.

पोलीस ॲक्शननंतर सालभरानं मी धोंडीतात्याकडं गेलो. सगळं सांगितलं. चौदा, अकरा, सळया, भोकं, सही... काही ठेवलं नाही. मला वाटलं तो मारेल. मारावं म्हणूनच गेलो होतो की काय, कुणास ठाऊक. तो जाळं विणत बसला होता. विणणं थांबवून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तीनदा सांगितलं म्हंता नदीनं?"

"व्हय."

"मंग लई सांगितलं की." त्यानं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "आमाला लिवता-वाचता येत न्हाय, मुन्शीजी. तुमाला येत व्हतं, म्हनून तुमाला सांगितलं आसंल."

तो खाली मान घालून विणायला लागला. मी निघून आलो.