दोन शॉर्ट

उंद्रीच्या स्टॉपवर खामगावची एसटी लागली. बाबांनी माझी भलीमोठी बॅग आत चढवली आणि आई खिडकीखाली येऊन म्हणाली, "तिकडं कोनी बुटकी म्हनलं तं आयकून नको घेऊ." नर्सिंग शिकलेली पोरगी इंग्लंडच्या हॉस्पिटलात निघालेली, आणि आईला काळजी माझ्या उंचीची. मैत्रिणींनो, तुम्ही काही जणी गावात राहिलात, काही जणी माझ्यासारख्या दूर गेल्या. पुढं काय झालं ते सगळ्यांनाच सांगते.

शॉर्ट हा शब्द आपल्याकडं विहिरीवरच्या मोटरीचा. मोटर शॉर्ट झाली की ओलित बंद, पिकाला पाणी नाही. इथं मात्र पहिल्याच आठवड्यात, सकाळी ड्युटी सुरू होताना सिस्टर इनचार्ज सगळ्यांसमोर म्हणाली, "आज आपण दोन शॉर्ट आहोत." वॉर्डात बुटक्या दोघीच, मी आणि केरळची लिसी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ऐकलं आणि दुपारी मी घरी फोन लावला.

"बाबा, मले वापस येऊ द्या. इथं रोज सर्वायसमोर माही उंची काढतात."

बाबा म्हणाले, "तिले इचारलं काय, दोन म्हंजे कोन? पहिले इचार, मंग ये."

विचारलं. सिस्टर माझ्याकडं बघतच राहिली, मग हसू आवरेना म्हणून खुर्चीत बसली. "अगं, दोन नर्स कमी आहेत. तुम्ही दोघी आहात म्हणून तर वॉर्ड चाललाय." मागून लिसी हळूच म्हणाली, तिलाही तसंच वाटलं होतं, तिनं तर जाड तळव्याचे बूटसुद्धा घेतले होते. त्या दिवशी आम्ही तिघी पोट दुखेपर्यंत हसलो. परत जायचा विषय तिथंच संपला.

वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटनं, शाळेत इंग्रजी शिकवायच्या त्या, हा किस्सा ऐकून मला शब्दाचं मूळ सांगितलं. शॉर्ट म्हणजे मुळात कापलेलं. शर्ट आणि स्कर्टही त्याच घरातले; कापून बेतलेले कपडे. मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे शर्ट अन् शॉर्ट भाऊबंदच निघाले." तेव्हापासून शब्द त्यांच्या तोंडी बसला. चहात साखर शॉर्ट, डाळीत मीठ शॉर्ट.

आता इथं माझं बरं चाललंय. ज्वारीचं पीठ मिळतं, लिसी शेजारीच राहते, आणि स्वप्नं कधी वऱ्हाडीत पडतात, कधी इंग्रजीत. घर नेमकं कुठलं, याचा मी फार विचार करत नव्हते.

गेल्या सुट्टीत गावी आले तेव्हा बाबा आणि मी घराच्या ओट्यावर बसलो होतो. शेजारच्या काकांनी विचारलं, "पोरीचं तिकडं जमते ना?"

बाबा ऐटीत म्हणाले, "हाव तं. हे नसली का तिकडं एक मानूस शॉर्ट पडते."

आई आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला.

"अन् इथं नाही पडत काय?" ती म्हणाली.