तीन पाळ्यांतला यमन

दुर्ग स्टेशनावर उतरलो तेव्हा हातात कंपनीचं रेकॉर्डिंग मशीन होतं आणि डोक्यात पुण्याचा माज. आमची कॅसेट कंपनी त्या काळात वाजेल ते विकायची. भिलाईच्या पोलाद कामगारांचा शास्त्रीय वाद्यवृंद हे लोढणं साहेबांनी मुद्दाम माझ्याच गळ्यात मारलं होतं.

न्यायला वामनराव डोंगरे आले होते. कारखान्यात क्रेन चालवणारे, वाद्यवृंदात क्लॅरिनेट. स्कूटरवर मशीन मांडीत घेऊन मी त्यांच्या मागे बसलो. रुंद सरळ रस्ते, एकसारखी क्वार्टर्स आणि सगळ्यावर तांबूस धूळ. मी खोकून खोकून बेजार झालो.

"पंचवीस वर्षं खाऊन राहिलो जी ही धूळ," ते म्हणाले. "या महिन्यात रिटायर. मग पोराकडे वर्ध्याले."

घरी काकूंनी गरम चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टोमॅटोची चटणी वाढली. मी लाज सोडून पाच खाल्ले. सहाव्याला वामनरावांनी खरी गोष्ट सांगितली. वादक आठ, पण पाळ्या तीन. त्यामुळे सगळे एकत्र कधीच जमत नाहीत. मग हे महाभाग काय करायचे? सकाळच्या पाळीवाले सुटले की तबला-तानपुरा टेपवर भरायचे. दुपारच्या पाळीवाले ती टेप लावून वर सतार-बासरी वाजवायचे आणि ते सगळं दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायचे. त्यावर रात्रपाळीवाल्यांचं व्हायोलिन आणि क्लॅरिनेट. टेप घरोघर पोचवायचे वामनराव. आणि सूर? पाळी बदलताना कारखान्याचा भोंगा वाजतो, तोच सगळ्यांचा सा!

"म्हणजे रात्रपाळीवाले संध्याकाळचा यमन सकाळी सहाला वाजवतात?" माझ्यातला पुणेकर उसळला.

"कावून नाही? रातच्या पाळीवाल्याची सांज तवाच होते."

मी गुपचूप सातवा चीला घेतला.

"चार वर्षं संग वाजवून राहिलो," वामनराव म्हणाले, "पण आठही जण एका सतरंजीवर बसलो नाही. जायच्या आधी एकडाव बसायचं आहे मले."

त्यासाठी दोन महिने पाळ्यांची अदलाबदल चालली होती. रविवारी दुपारी रिसाली वसाहतीतल्या एका हॉलमध्ये आठही जण अवतरले आणि चक्क एकमेकांना नावं विचारू लागले!

"तबला तुमीच का?" सतारवाले रामटेके वर्मांना म्हणाले. "मले वाटलं, जाडे असान."

मी मशीन सुरू केलं. वर्मांनी ठेका धरला, रामटेक्यांनी सतार छेडली आणि सगळं मुसळ केरात गेलं. टेप कुणासाठी थांबत नाही, माणूस थांबतो. वर्मा सतारीसाठी थांबले, रामटेके सवयीनं तबल्यासाठी. तुम्ही आधी, तुम्ही आधी करता करता लय रांगायला लागली आणि बंदच पडली. तीनदा सुरू केलं, तीनदा तेच. क्लॅरिनेट शेवटी यायचं होतं. तिथवर गाडी पोचेचना. वामनराव वाद्य ओठांना लावायचे, पुन्हा काढायचे. मला आधी हसू येत होतं. मग येईना.

"टेप आणू का?" रामटेके हळूच म्हणाले.

"नको," वामनराव म्हणाले. मान खाली.

तेवढ्यात दोनचा भोंगा झाला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सवयीनं आठही जणांनी तो सा उचलला. वर्मांचा तबलासुद्धा त्यात मिसळला. भोंगा थांबला, हे थांबले नाहीत. श्वास पुरेल तोवर वामनरावांनी सूर धरून ठेवला. मी मशीन चालूच ठेवलं हो!

त्यांनी क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि बाहीनं डोळे पुसले. "झालं," म्हणाले. "बसलो."

"आणि यमन?"

"तो पाळीनंच भरू जी."

तसाच भरला. दोन दिवस मी तिन्ही पाळ्यांच्या मागे मशीन घेऊन हिंडलो, दर पाळीच्या घरी चीला हाणला, यमनाच्या शेवटी रविवारचा तो भोंगा आणि आठांचा सा जोडला आणि शिंकत शिंकत परतीच्या गाडीत बसलो.

पुण्यात साहेबांनी यमन ऐकला, मान डोलावली. "काय एकोपा आहे रे या लोकांत! पण शेवटी हा भोंगा कशाला? तेवढा पुसून टाक."

इतकी वर्षं त्यांच्यापुढे माझी जीभ कधी उचलली नव्हती.

"साहेब," मी म्हणालो, "हवं तर यमन पुसा."