वीसची नको, आठची घे

मागच्या वर्षी निरगुडसरहून थोरल्या भावाचा फोन आला. उसाच्या कडेला बिबट्या दिसलाय. वहिनी संध्याकाळी गवताला जाते, त्याआधी बांधावरून रान बघायला त्याला दुर्बीण घ्यायची होती.

"बाळू, वीस पॉवरची मिळतीय. लई लांबचं दिसतंय."

"अण्णा, वीसची नको. आठची घे."

मी इकडे गुजरातेत गोदामावर सिक्युरिटीला. फोन ठेवला तरी जीव तिकडेच.

आमच्याकडे दुर्बीणही विहिरीच्या मोटारीसारखी घेतात, पॉवर विचारून. मी नववीतून शाळा सोडून फौजेत गेलेला. तेव्हा एका सुट्टीत मीही वीसची घेतली आणि सीमेवरच्या पोस्टवर नेली. पोस्ट कमांडर हवालदार बबनराव लोणीचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. ते हसले.

"दुर्बीण आणलीस का मोटार? ही धरायला हात कुणाचं आणायचं राव?"

त्यांच्या गळ्यात जुनी आठची होती.

जानेवारीत गस्तीवर गेलेली आमची पेट्रोल पार्टी परतायची होती. बर्फ पडत होता, उजेड सरत होता. वायरलेस सेटवर हाक मारली, उत्तर नाही. तेवढ्यात नाल्यातून काही माणसं वर येताना दिसली, ठरलेल्या वाटेने नव्हे. मी वीसची लावली. श्वासागणिक चित्र हलायचं. एक काळा ठिपका सापडायचा, सुटायचा.

एलएमजी मशीनगनवरच्या जवानाने विचारलं, "साहब, फायर?"

"रुको." बबनरावांनी कोपर संगरच्या, म्हणजे दगडी आडोशाच्या कडेवर टेकले. त्यांच्या दुर्बिणीत माणसं लहान दिसत होती, पण अख्खी रांग एकदम, स्थिर आणि उजळ.

"दुसरा गडी डावा पाय वढतोय. आपला नामदेव हाय त्यो. तोंड कशाला बघायचं? चाल बघ."

नामदेवच होता. सेटची बॅटरी थंडीने बसली होती, वाट बर्फाने बुजली होती. सगळे परत आले. त्या रात्रीचा चहा बबनरावांनी स्वतः वाटला.

पुढच्या हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळला, त्यात बबनराव गेले. त्यांची दुर्बीण शेवटपर्यंत गळ्यातच होती.

अण्णाने आठ पॉवरचीच घेतली. सुट्टीत गेलो की मी बांधावर कोपर टेकून आधी उसाची कड बघतो. वहिनी गवत घेऊन घरी पोचली, की दुर्बीण लोणीच्या रस्त्याकडे वळते. तिकडून येणाऱ्या प्रत्येकाची मी चाल बघतो.